सोवळ्यातला आकडा

“मग यात माझी चूक कुठे आहे, बुवा?”

सारंग पांढरीपांडेनं पुन्हा तेच विचारलं. या खेपेला आवाज चढला होता. ज्याची चूक नसते तो इतका ओरडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आवाज काही खाली येईना.

निळकंठबुवा मठाच्या ओसरीवर बसून लाखोळीची डाळ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा बाजूला काढला.

“आकडा बरोबर होता,” सारंग म्हणाला. “अडीच म्हणजे अडीच. आपल्या भाषेनं हिशेब चोख केला होता.”

“आणि मासे?”

सारंगनं सदऱ्याची बाही सारखी केली.

“मासे, बाबा. त्यांचं काय झालं?”

“मेले,” सारंग म्हणाला.

लोक संसाराला कंटाळून मठात येतात तेव्हा जपमाळ घेऊन येतात. बुवा आले ते एक जुना संगणक आणि छपरावर टाकायचा सौर पत्रा घेऊन. त्याआधी नागपुरात असताना त्यांनी संगणकाला मराठीतून कामं सांगण्याची एक भाषा रचली होती. तिचं नाव बोरू. इंग्रजीला बिचकणारी खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं बोरूवर शिकली आणि पोटापाण्याला लागली. बुवा टेकडीवर गेले तरी बोरू खालीच राहिली. तिची देखभाल सारंगकडे आली. भाषेत कुणाचं काही अडलं की लोक त्याला लिहीत, आणि तो उत्तर देई.

सारंग हुशार होता. तेवढं पुरलं असतं. पण आपण हुशार आहोत हे त्याला कुणीतरी फार लवकर सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तो ते विसरायला तयार नव्हता.

आज तो टेकडी चढून आला होता ते वेगळ्याच आशेनं. बोरूच्या मंडळींचा मेळावा जवळ आला होता. बुवा आता थकले. आपल्यामागे भाषा कुणाची, हे ते मेळाव्यात सांगतील, असं सगळे म्हणत होते. कुणाचं नाव निघणार याबद्दल सारंगला शंका नव्हती. तो फक्त नमस्कार करायला आला होता. आणि बुवांनी तब्येत, प्रवास, घरचं, काही न विचारता एकदम तळ्यावरच्या माशांचं काढलं.

झालं होतं ते असं.

टेकडीच्या पायथ्याशी मोठं तळं आहे. तिथं ढिवर समाजातल्या मासेमार बायकांचा एक गट मत्स्यबीज केंद्र चालवतो. माशांची अगदी जिऱ्याएवढी पिल्लं असतात, त्यांना जिरेच म्हणतात. ती टाक्यांमध्ये बोटाएवढी होईपर्यंत वाढवायची आणि मग गावोगावच्या तळ्यांत सोडायला द्यायची. पिल्लांना रोग लागू नये म्हणून पाण्यात लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे विरघळवून, टाकतात. थोडी टाकली तर औषध, जास्त टाकली तर विष. गटप्रमुख वच्छलाबाई दिघोरे यांची मुलगी कुंदा तालुक्याला शिकली. किती पाण्याला किती दवा याचा हिशेब करून तो आकडा थेट पंपाला कळवणारा एक प्रोग्रॅम तिनं बोरूत लिहिला. कॉलेजच्या संगणकावर तो बिनचूक चालला.

मग गटाला एका परदेशी संस्थेनं वापरलेला संगणक भेट दिला. इथून घोळ सुरू झाला.

संगणकाच्या पोटात जी मूळ प्रणाली असते, ती साधारण दोन तऱ्हेची. एक मोकळी, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी. दुसरी दुकानातून यंत्राबरोबर येणारी. कॉलेजात मोकळी होती. भेट आलेल्या संगणकात दुसरी होती, आणि तिच्यावर अजून त्या परदेशाचे रीतिरिवाज लावलेले होते. त्या देशात अडीच लिहिताना दोन आणि पाचाच्या मध्ये टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात.

बोरू मोकळ्या प्रणालीवर स्वतःच टिंब देई. दुसऱ्या प्रणालीवर मात्र ती आकडा त्या प्रणालीच्या हाती सोपवी आणि म्हणे, तुझ्या घरच्या रीतीनं लिही. त्या घरची रीत स्वल्पविरामाची. पंपाला स्वल्पविराम कळत नव्हता, म्हणून त्यानं तो गाळला. राहिले दोन आणि पाच. पंपानं पंचवीस वाचलं.

दहापट दवा पडली. बायका सकाळी आल्या तेव्हा टाक्यांतलं पाणी गर्द जांभळं झालं होतं आणि जिरे वर तरंगत होते.

“त्या पोरीनं आधी विचारलं होतं ना तुला?” बुवा म्हणाले.

“विचारलं होतं. पण धड लिहिलं नव्हतं तिनं. ‘कॉलेजात आकडा एक दिसते आणि इथं वेगळा दिसते’, एवढंच. वेगळा म्हणजे कसा? कशानं? काही पत्ता नाही.”

“मग?”

“मग काय? मी उत्तर दिलं.”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“अडीच म्हण.”

“काय?”

“म्हण की.”

“अडीच.”

“यात टिंब कुठे आहे?”

सारंगचा चेहरा उजळला. कोंडलेल्या माणसाला एकदम दार सापडावं तसं त्याला झालं.

“नाहीच! तेच तर मी म्हणतोय, बुवा. आकड्याला मुळात रूपच नाही. टिंब काय आणि स्वल्पविराम काय, वरची वस्त्रं. आतला आकडा निर्गुण, निराकार...”

“मग मासे कशानं मेले? ब्रह्मज्ञानानं?”

सारंगनं अर्धवट उचललेला हात खाली घेतला.

मठातलं मांजर येऊन सुपाचा वास घेऊन गेलं.

सारंगजवळ आणखी एक गोष्ट होती. टेकडी चढताना ती त्याच्या मनात नव्हती असं नाही. वेळ आलीच तर असू द्यावी, म्हणून त्यानं ती मागे ठेवली होती. ती त्यानं आता बाहेर काढली.

“ती ओळ माझी नाही,” तो म्हणाला.

“कुठली?”

“आकडा खालच्या प्रणालीच्या हाती सोपवायची. ती मी लिहिलेली नाही. ती... ती तुमची आहे, बुवा.”

बोलला, आणि क्षणभर त्याला हलकं वाटलं. लगेच शिसारी आली, स्वतःचीच. पाया पडायला आलेल्या माणसानं पायच ओढावा, तसलं काहीतरी आपण केलं हे त्याला कळलं.

“हो,” बुवा म्हणाले. “माझीच. तेव्हा माझ्याजवळ एकच यंत्र होतं. मला वाटलं, सगळ्यांच्या घरी तसंच असतं.”

एवढंच. सारंग वादाच्या तयारीत होता. समोरचा असा पहिल्याच फटक्यात कबूल झाला, तर भांडायचं कुणाशी?

बुवांनी सुपात हात घातला. मूठ बंद केली आणि ती सारंगच्या पुढे धरली.

“पाहिलं म्हण.”

“काय पाहिलं?”

“मुठीत काय आहे ते.”

“मूठ बंद आहे, बुवा.”

“असू दे. तू पाहिलं म्हण.”

“न बघता कसं म्हणू?”

शब्द तोंडातून गेले, आणि मग त्याच्या कानात शिरले. कान तापले. मान खाली गेली.

बोरूच्या मंडळींत बुवांनी घालून दिलेली एक रीत होती. तक्रार मिटवताना मिटवणाऱ्यानं शेवटी एकच शब्द लिहायचा: पाहिलं. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तक्रार करणाऱ्याकडे जसं यंत्र आहे तशाच यंत्रावर मी जाऊन बसलो, आणि त्याला जे दिसतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कुंदानं पुन्हापुन्हा विचारलं, आणि सारंगनं दर वेळी लिहिलं, ‘चूक तुमच्या लिहिण्यात आहे. पाहिलं.’

त्यानं काहीही पाहिलं नव्हतं.

बघायला फार लांब जायचंही नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तसलं यंत्र होतं. पण दुकानातली प्रणाली सारंगला चालत नसे. “आमच्याकडे ती घरात येत नाही,” असं तो चारचौघांत सांगे, आणि सांगताना त्याचा सूर हुबेहूब त्याच्या आजोबांसारखा लागे. आजोबांच्या स्वयंपाकघरात कांदालसूण चालत नसे. आणखीही बऱ्याच गोष्टी चालत नसत, आणि बरीच माणसंही. सारंग त्या जुन्या सोवळ्याला मनापासून हसायचा.

बुवांची मूठ अजून तशीच पुढे होती. ती त्यांनी उघडली नाही. मूठभर डाळ पुन्हा सुपात सोडली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि वहाणा पायांत सरकवल्या.

“चल.”

“कुठे?”

“तळ्यावर.”

सारंग जागचा हलला नाही. “मी लिहून कळवतो ना तिला. आणि ती ओळ आजच बदलतो, बुवा. आकडा आपली भाषाच लिहील, खालच्या कुणालाही विचारायचं नाही. सगळ्या यंत्रांवर एकच टिंब. मी सगळं...”

“ते कर. आधी चल.”

उतरणीवर बुवा पुढे, सारंग मागे. कुंदा तिथं नसली तर बरं, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं. निदान कामात तरी असावी. आपल्याला कुणी ओळखू नये. आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला देवाकडे मागायला हेच सापडावं, याचीही त्याला लाज वाटत होती.

केंद्राच्या टाक्या रिकाम्या होत्या. घासून, चुना लावून उन्हात वाळत पडल्या होत्या. बायका सावलीला बसून जाळी सांधत होत्या. एक मुलगी मात्र त्यांच्यात नव्हती. ती पार तिकडच्या टोकाला, एकटीच एक टाकी घासत होती. ती टाकी आधीच स्वच्छ होती.

“या जी बुवा,” म्हणत वच्छलाबाई उठल्या. उंच, करड्या केसांच्या बाई. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवायला सांगितलं. “हे कोण जी?”

“सारंग. बोरूचं हाच बघतो,” बुवा म्हणाले.

नाव ऐकलं आणि टोकाची मुलगी दचकून उभी राहिली. ओढणीला हात पुसत ती जवळजवळ धावतच आली.

“सर, तुम्ही कशाले आले जी इतक्या दूर?” कुंदा म्हणाली. “माहीच चूक होती. तुम्ही तं मले सांगतलं होतं, तुह्या लिहिण्यात चूक हाय म्हणून. मी सगळं पुन्हा लिहिलं. पण मले नाई सापडली जी चूक. आता दुरुस्त झालं असंन म्हणून मी पंप चालू केला... मले माफ करा सर.”

सारंगच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तसाच राहिला.

ती माफी मागत होती. त्याची.

“सगळ्या बायकाइसमोर कबूल केलं तिनं,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या मुलीकडे बघत नव्हत्या. “बायकाइनं लेकरासारखे वाढवले होते जी जिरे. पोरीच्या हातानं गेले. माही पोरगी हाय म्हणून का मी झाकून ठेवू? आता पंपाले हात नाई लावू देत तिले. चाबी माह्यापाशीच असते.”

“पोरगी वाईट नाई जी,” जाळीवरून मान न उचलता एक म्हातारी बोलली. “पण शिकल्याचा भरोसा नाई राह्यला.”

सारंगनं बुवांकडे पाहिलं. बुवा आता काही बोलतील, निदान सुरुवात तरी करून देतील, अशी त्याला आशा होती. तेवढ्यात चहा आला. बुवांनी कप घेतला आणि ते बशीत चहा ओतून फुंकर घालू लागले. जगात त्याहून महत्त्वाचं काम नसावं, अशा तन्मयतेनं.

“त्याचं असं झालं...” सारंगनं घसा खाकरला. “म्हणजे आकडा लिहिण्याची पद्धत प्रत्येक प्रणालीत वेगळी असते. बोरू जेव्हा खालच्या प्रणालीला आकडा देते, तेव्हा तिथं जे रीतिरिवाज लावलेले असतात, त्यानुसार टिंबाच्या जागी...”

बायका अदबीनं ऐकत होत्या. कुणालाही काही कळत नव्हतं. आपण बोलतोय यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरीही आपण लपतोय, हे सारंगला बोलताबोलताच कळत होतं. त्याला थांबता येईना.

वच्छलाबाईंनी शेवटी विचारलं, “म्हंजे मशीनच खराब होती का जी?”

‘हो’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पोरगी सुटली असती, गटाचं समाधान झालं असतं, मेळाव्यात नाव निघालं असतं. मशीन काही तोंड उघडून सांगणार नव्हती. ‘हो’ हा शब्द त्याच्या ओठापर्यंत आलाही होता.

कुंदा त्याच्याकडे बघत होती. मशीन खराब निघावी अशी केवढी आशा होती तिच्या डोळ्यांत! आणि तिच्या यंत्रावर न बसता तिला उत्तर देणारा हा माणूस आता तिच्या तोंडावर आणखी एक न पाहिलेलं उत्तर फेकायला निघाला होता.

“नाही,” सारंग म्हणाला. “मशीन चांगली होती. कुंदाचं लिहिणंही बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. चूक बोरूत होती. हिनं मला विचारलं होतं... मी बघितलं असं लिहिलं. बघितलं नव्हतं.”

जाळी सांधणारे हात थांबले.

“काहून नाई पाह्यलं?” वच्छलाबाई म्हणाल्या.

साधा प्रश्न. रागानंही विचारला नव्हता. सारंगला इतकी शास्त्रं येत होती, पण याचं उत्तर त्यातल्या एकाही शास्त्रात नव्हतं.

“तसल्या मशीनवर बसायला...” त्याचा आवाज पार खाली गेला. “मला कमीपणा वाटत होता.”

“हं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “वाटते जी लोकाइले. आमच्या घरचं पाणी पेयाले बी वाटते.”

त्यांची नजर त्याच्या हातातल्या पेल्यावर होती.

सारंगनं खाली पाहिलं. पेला अजून काठोकाठ भरलेला होता. तसं काही नव्हतं हो, अगदी देवाशपथ नव्हतं! नुसता हातात राहून गेला होता. पण हे आता कुणाला सांगणार, आणि कुणी का ऐकावं? त्यानं पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

“मंग इतके दिवस...” कुंदा बोलू लागली आणि थांबली. “इतके दिवस मी या मावश्याइच्या तोंडाकडे पाहू नाई शकली, सर. माह्या मायच्या तोंडाकडे बी.”

“हो,” सारंग म्हणाला.

त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. ओळ कुणाची होती तेही सांगता आलं असतं. बुवा तिथंच बसले होते. तो ‘हो’ म्हणून थांबला. मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

मग वच्छलाबाईंनी कमरेची चाबी सोडली. त्यांनी मुलीचा हात धरला, उताणा केला आणि चाबी त्यावर ठेवली. त्यांनी नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवला.

“खरं आलं ना समोर,” जाळीवरची म्हातारी म्हणाली आणि पदरानं नाक पुसून पुन्हा गाठी मारू लागली.

कुंदानं चाबी मुठीत घट्ट धरली. डोळे पुसले. सारंगकडे तिनं पाहिलं नाही. ती बुवांसमोर येऊन उभी राहिली.

“बुवा, एक विचारू जी?”

“विचार.”

“टाक्या पुन्हा भराच्या हायेत. पंप लावाचा हाय. उद्या पुन्हा काही अडलं... तं मी कोणाले विचारू?”

सारंग जमिनीकडे बघत उभा होता. आता आपलं नाव निघणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. निघू नये, असंच त्यालाही वाटत होतं.

बुवांनी उरलेला चहा संपवला. बशी बाजेवर ठेवली, मिशी पुसली.

“ह्यालाच विचार, पोरी. ह्याला आता काही येत नाही.”